ग्राउचोविना ‘डिलन डॉग’ : इटालियन प्रेक्षक का रुसला?

इटलीतील वृत्तपत्रविक्रेत्यांकडे १९८६ पासून दरमहा न चुकता येणाऱ्या एका नायकाला हॉलिवूडने पडद्यावर आणले, तेव्हा त्याच्या मूळ देशातील चाहत्यांनीच त्याला ओळख देण्याचे नाकारले. ‘डिलन डॉग : डेड ऑफ नाइट’ हा तो चित्रपट. केव्हिन मन्रो दिग्दर्शित हा भयविनोदी गुप्तहेरपट १६ मार्च २०११ रोजी इटलीत आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ एप्रिलला अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले होते. अमेरिकेतील तिकीटबारीवर त्याला १२ लाख डॉलरचा टप्पाही गाठता आला नाही. समीक्षकांनी त्याची संभावना केली, पण इटलीतील वाचकांनी जे केले ते समीक्षेपलीकडचे होते. घरातल्या माणसाचे कोणीतरी भलतेच सोंग वठवून दाखवावे आणि साऱ्या घराला अपमान वाटावा, अशी ती प्रतिक्रिया होती.

कोसळणारे चित्रपट दरवर्षी शेकड्यांनी निघतात आणि त्यांची आठवण कोणी ठेवत नाही. या चित्रपटाचे अपयश मात्र आजही विचार करण्याजोगे आहे. याचे कारण असे की, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन प्रेक्षकवर्गांनी परस्परविरुद्ध कारणांसाठी त्याच्याकडे पाठ फिरविली. इटालियन प्रेक्षक नायकाला फार चांगला ओळखत होता, तर अमेरिकी प्रेक्षक त्याला मुळीच ओळखत नव्हता. निर्मात्यांनी दुसऱ्याला खूश करण्यासाठी पहिल्याला दुखावले आणि दुसराही हाती लागला नाही.

या रागाचे मूळ समजून घ्यायचे तर मूळ चित्रकथेकडे वळावे लागते. लेखक तित्सियानो स्क्लावी यांनी निर्माण केलेला आणि मिलानच्या सर्जिओ बोनेल्ली प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केलेला डिलन डॉग हा ‘दुःस्वप्नांचा अन्वेषक’. नाव घेतले आहे ते कवी डिलन थॉमस यांच्यावरून. चेहरा बेतला आहे तो ब्रिटिश अभिनेता रूपर्ट एव्हरेट यांच्यावर. राहतो लंडनमध्ये, क्रेव्हन रोडवरच्या सात क्रमांकाच्या घरात, जिथे दारावरची घंटा वाजत नाही, किंचाळते. पूर्वी तो स्कॉटलंड यार्डात पोलीस होता. पूर्वी तो मद्यपीही होता, आता थेंबालाही शिवत नाही. शाकाहारी आहे. त्याला उंचीची भीती वाटते, बंदिस्त जागेची वाटते, वटवाघळांचीही वाटते. भुताखेतांचा पाठलाग करणाऱ्या नायकाने वटवाघळाला घाबरावे, यातच स्क्लावी यांच्या विनोदाची जात लक्षात यावी. फावल्या वेळात तो क्लॅरिनेट वाजवतो आणि कधीही पुरी न होणारी जहाजाची एक प्रतिकृती बांधत बसतो.

आणि त्याच्यासोबत असतो ग्राउचो. अमेरिकेचे विख्यात विनोदी नट ग्राउचो मार्क्स यांच्यासारखाच दिसणारा, तशाच मिशा आणि तसाच चिरूट बाळगणारा हा सहायक अखंड कोट्या करीत असतो. बहुतेक कोट्या इतक्या टाकाऊ, की दारी आलेल्या अशिलाने पळून जावे. मात्र डिलनच्या गळ्याशी मृत्यू आला की ऐन क्षणी पिस्तूल त्याच्याकडे भिरकावतो तो हाच ग्राउचो. सुमारे शंभर पानांच्या कृष्णधवल अंकात भीतीची ताण वाढत असताना ही बडबड वाचकाला श्वास घेऊ देते. अनेकदा ती त्या भीतीपेक्षाही अधिक उदास वाटते. कारण ज्याला विनोद थांबविताच येत नाहीत असा माणूस एकटा असतो, हे वाचकाला हळूहळू उमगत जाते.

ही मालिका १९९० च्या दशकाच्या प्रारंभी इटलीत लाखोंच्या घरात खपत होती. एरवी कॉमिकच्या वाटेला न जाणाऱ्या तरुणी तिच्या मोठ्या वाचक होत्या. ऊम्बेर्तो एको यांच्यासारखा प्रकांड पंडित तिचा चाहता होता. बायबल, होमर आणि डिलन डॉग आपण कितीही दिवस न कंटाळता वाचू शकतो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार इटलीत वारंवार सांगितले जातात. एखाद्या समाजात एखादे पात्र इतके मुरले, की ते कायद्याने कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्न वकिलांपुरता उरतो. वाचकांच्या लेखी ते त्यांचेच असते.

आता चित्रपटाकडे वळू. तेथे लंडन नाही, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स आहे. पांढऱ्या बीटल गाडीची जागा काळ्या बीटलने घेतली. लाल शर्ट आणि काळा कोट तेवढा शाबूत राहिला. ‘सुपरमॅन रिटर्न्स’मुळे (२००६) प्रसिद्धी पावलेला ब्रॅन्डन राउथ डिलनच्या भूमिकेत आला. कथेच्या आरंभी हा डिलन अलौकिक प्रकरणांपासून निवृत्त झालेला आहे आणि बाहेरख्याली नवराबायकोंची छायाचित्रे काढून पोट भरतो आहे. व्हॅम्पायरांनी पत्नीला ठार केल्याचा सल त्याच्या मनात आहे. मूळ मालिकेच्या वाचकाला हा भूतकाळ सर्वस्वी परका. शहरात व्हॅम्पायरांची एक टोळी, वेअरवुल्फ म्हणजे लांडगामानवांचे एक घराणे, दोहोंमध्ये वैर आणि सर्वांना हवी असलेली एक अघोरी वस्तू, असा एकूण मामला. ‘अंडरवर्ल्ड’ (२००३) हा चित्रपट किंवा ‘ट्रू ब्लड’ ही २००८ पासूनची दूरचित्रवाणी मालिका पाहिलेल्या कोणालाही पुढचे बरेचसे आधीच ठाऊक असावे.

सर्वांत मोठी हानी अर्थातच ग्राउचोची. ग्राउचो मार्क्स यांचे रूप वापरण्याचे हक्क त्यांच्या वारसांकडे असल्याने हे पात्र चित्रपटात घेता आले नाही, असे त्या वेळी सांगण्यात आले. अमेरिकेत ही अडचण नवी नव्हती. ‘डार्क हॉर्स’ या प्रकाशनसंस्थेने १९९९ मध्ये मालिकेचे काही अंक इंग्रजीत काढले. त्यांची मुखपृष्ठे ‘हेलबॉय’चे जनक माइक मिन्योला यांनी काढली होती, पण आतील चित्रांत ग्राउचोची मिशी पुसून टाकण्यात आली आणि त्याचे नाव फीलिक्स ठेवण्यात आले. म्हणजे हॉलिवूडने उचलून नेण्यापूर्वीच अमेरिकेच्या किनाऱ्यावर हे पात्र निम्मे बुडाले होते. चित्रपटाने उरलेलेही सोडून दिले आणि मार्कस नावाचा एक नवा सहायक उभा केला. हा मार्कस मरतो, झॉम्बी होऊन उठतो आणि आपण मेलो आहोत हे स्वीकारायला तयार होत नाही.

येथे प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेतील एक गुंतागुंत ध्यानात घ्यायला हवी. मार्कस वाईट नव्हता. सॅम हंटिंग्टन या नटाने तो जीव ओतून रंगविला आहे, आणि चित्रपटावर तुटून पडलेल्यांपैकीही काहींना तेवढेच पात्र जिवंत वाटले. झॉम्बी झालेल्यांनी एकमेकांना धीर देण्यासाठी भरविलेली मद्यमुक्ती संघटनेच्या धर्तीवरची बैठक, नरमांस टाळण्यासाठी त्यांनी स्वीकारलेला किड्यांचा आहार, तुटलेल्या हाताच्या जागी दुसरा हात बसवून देणारे अवयवांचे दुकान, या कल्पना हसविणाऱ्या आहेत. मग बिनसले कोठे?

बिनसले त्या अवयवांच्या दुकानातच, असे म्हणता येईल. स्क्लावी आणि त्यांचे सहलेखक माउरो मार्केसेल्ली यांच्या काळातील मालिकेचा अत्यंत गाजलेला अंक म्हणजे १९९३ मधील ‘जॉनी फ्रीक’. त्यातील मुलगा ऐकू-बोलू शकत नाही. त्याच्या आईबापांनी त्याला तळघरात कोंडून ठेवले आहे आणि लाडक्या दुसऱ्या मुलाला लागतील तसे याचे अवयव काढून घेतले जात आहेत. या कथेत भूत नाही, व्हॅम्पायर नाही. राक्षस आहेत ते सुखवस्तू घरातील आईबाप. इटलीत एक पिढी हा अंक वाचून रडली. त्याच मालिकेचे नाव लावणाऱ्या चित्रपटात अवयव म्हणजे जुन्या गाडीचे सुटे भाग झाले आणि त्यावर हशा मागण्यात आला. हा विनोद स्वतंत्र चित्रपटात चालून गेला असता. ‘डिलन डॉग’ या नावाखाली तो त्या प्रेक्षकाला झोंबला.

याचाच अर्थ, चाहत्यांचा आक्षेप ‘बदल केले’ एवढाच नव्हता. स्क्लावी यांच्या जगात राक्षसाची कणव येते आणि माणसाची भीती वाटते. चित्रपटात राक्षस हे राक्षसच, फक्त त्यांच्या टोळ्या, त्यांचे रात्रीचे क्लब आणि त्यांचे धंदे आहेत. तेथे नायकाला रहस्य उकलायचे असते ते मारामारीतून. भीती कोवळी करण्यात आली, कारण अमेरिकेत तेरा वर्षांपुढील मुलांनाही येऊ देणारे प्रमाणपत्र हवे होते. विनोद ढोबळ झाला आणि उदासी तर वगळलीच गेली. मूळ कथांत हे तिन्ही रस वेगळे काढता येत नाहीत. वरणातून मीठ वेगळे काढून ताटात वाढावे, तसा हा प्रकार झाला.

बदलामुळेच प्रेक्षक रागावतो, या समजाला दुसऱ्या एका चित्रपटानेही छेद दिला आहे. ब्रिटिश लेखक अ‍ॅलन मूर आणि चित्रकारांनी १९८५ मध्ये अमेरिकी कॉमिकमध्ये आणलेला जॉन कॉन्स्टंटाइन हा लिव्हरपूलचा, पिवळ्या केसांचा, धूर्त मांत्रिक. त्याच्यावरील ‘कॉन्स्टंटाइन’ (२००५) या चित्रपटात तो लॉस एंजेलिसमध्ये राहणारा, काळ्या केसांचा किआनू रीव्ह्ज झाला. कॉमिकच्या वाचकांनी तेव्हाही आरडाओरड केली. पण चित्रपटाने जगभरात २० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमविला आणि पुढील काळात त्याला स्वतःचा असा चाहतावर्ग लाभला. शहर बदलले, केस बदलले, बोलण्याची ढब बदलली, तरी फुप्फुसाच्या कर्करोगाने मरू घातलेला आणि नरकाला भिणारा माणूस त्यात कायम होता. सैतानही नुसता शिंगे लावून आला नाही, तर पांढऱ्या पोशाखात येऊन त्याने प्रेक्षकाला गारठविले. ‘डिलन डॉग’च्या निर्मात्यांकडे रीव्ह्जएवढा तारा नव्हता आणि खर्चही कित्येक पटींनी कमी होता, हे मान्य केले पाहिजे. ‘कॉन्स्टंटाइन’ला मिळालेले यश केवळ गुणांचे नव्हे. तथापि पैसा कमी असणे ही कल्पना उसनी असण्याची सबब होऊ शकत नाही.

इटालियनांजवळ तुलनेसाठी आणखी जवळचे उदाहरण होते. स्क्लावी यांच्याच कादंबरीवरून मिकेले सोआवी यांनी १९९४ मध्ये ‘देल्लामोर्ते देल्लामोरे’ हा चित्रपट केला. त्यात डिलनचे नावही नाही. नायक एका लहानशा गावातील स्मशानाचा रखवालदार आहे, पुरलेली प्रेते रात्री उठून येतात आणि हा त्यांना कंटाळलेल्या कारकुनासारखा पुन्हा गोळ्या घालतो. मात्र ती भूमिका केली कोणी? ज्यांच्या चेहऱ्यावरून डिलन रेखाटला गेला त्या रूपर्ट एव्हरेट यांनी! सोबतीला एकच अक्षर पुटपुटणारा गोलमटोल मदतनीस आहे. नाव नाही, गाडी नाही, लाल शर्ट नाही, लंडन नाही. तरीही, पडद्यावरचा खरा डिलन डॉग दाखवा म्हटले की अनेक इटालियन रसिक आजही या चित्रपटाकडे बोट दाखवितात. २०११ मध्ये जेव्हा अधिकृत हक्क विकत घेतलेला चित्रपट आला, तेव्हा प्रेक्षकाच्या मनात ही मोजपट्टी सतरा वर्षे आधीपासून तयार होती.

रागावलेले प्रेक्षक केवळ रागावून स्वस्थ बसले नाहीत. क्लाउदिओ दि ब्याजो आणि लूका वेक्की या तरुणांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून ‘डिलन डॉग : व्हित्तिमा देल्यि एव्हेन्ती’ हा, तासाभराहून कमी लांबीचा चित्रपट तयार केला आणि २०१४ मध्ये तो यूट्यूबवर विनामूल्य खुला केला. नफा न मिळविण्याच्या बोलीवर केलेला हा उद्योग. यातही लंडन नव्हते, कथा घडते ती रोममध्ये. त्याबद्दल कोणी फारशी तक्रार केली नाही. कारण ग्राउचो परत आला होता, मिशीसह. ती भूमिका वेक्की यांनी स्वतःच केली. हा चित्रपट निर्दोष नव्हता, आणि मूळ मालिकेचे कडवे वाचक त्यावरही खुसपटे काढत राहिलेच. परंतु ती कुरबूर घरातली होती. मार्कसच्या वाट्याला आलेला परकेपणा तिच्यात नव्हता.

मराठी वाचकाला हे सारे अगदीच अनोळखी वाटण्याचे कारण नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या दिग्दर्शनाखाली मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा शाळकरी बन्या एकदम वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला होता. विद्याभवनाची शाळा मागे पडली आणि मोबाइलच्या काळातील परीक्षा-घोटाळा पुढे आला. पुस्तकावर वाढलेल्या पिढीच्या कपाळाला प्रथम आठी पडली असेल, तर नवल नाही. पण अमेय वाघचा फेणे ‘ट्टॉक्’ म्हणायला विसरला नाही, संकटात आपण होऊन उडी घेण्याची त्याची खोड गेली नाही, आणि खुद्द भागवतांची भूमिका दिलीप प्रभावळकर यांना देऊन निर्मात्यांनी ऋणाची जाहीर पोचपावती दिली. वय वाढवूनही मुलगा ओळखू आला. प्रेक्षकांनी तो आपलासा केला. भाषेचा परीघ लहान असला की पात्राचे नाते घट्ट असते आणि चूक झाल्यास ती लपत नाही, ही गोष्ट इटालियन आणि मराठी या दोन्ही बाजारांना सारखीच लागू पडते. फरक एवढाच, की फेणेचे रूपांतर त्याच भाषेत झाले. डिलनचे दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या खंडात झाले, आणि हक्क ‘प्लॅटिनम स्टुडिओज्’ या अमेरिकी कंपनीच्या हाती गेल्यावर मूळ घराला त्यात फारसा आवाज उरला नाही.

हक्क एकदा विकले की पात्राचे काय होते, हा प्रश्न यातूनच पुढे येतो. परदेशी कंपनीला हवे असते ते नाव आणि त्या नावाला चिकटलेला तयार वाचकवर्ग. पण अमेरिकेत त्या नावाला वाचकवर्गच नव्हता. म्हणजे विकत घेतलेली वस्तू जिथे विकायची होती तिथे तिला किंमत नव्हती, आणि जिथे किंमत होती तिथल्या ग्राहकाची आवड विचारात घेतली गेली नाही. शुद्ध व्यापारी हिशेबानेही हा व्यवहार अनाकलनीय ठरतो. थोडक्यात, निर्मात्यांनी चाहत्यांचे ऐकले असते तर ते केवळ कलेचे सौजन्य नव्हे, शहाणपणाचा धंदा ठरला असता.

याउलट, हक्क स्वतःकडे ठेवले म्हणजे सारे सुरळीत होते, असेही नाही. बोनेल्ली संस्थेने आपल्याच दुसऱ्या एका भयमालिकेवरून ‘दाम्पिर’ हा चित्रपट २०२२ मध्ये स्वतःच्या देखरेखीखाली काढला. पोशाख, पात्रे, बाल्कनमधील युद्धाची पार्श्वभूमी, सर्व मुळाबरहुकूम. वाचकांना बोट ठेवायला जागा कमी होती. तरीही इटालियन चित्रपटगृहांत तो फारसा चालला नाही. प्रामाणिकपणा ही पात्राची हमी झाली, गर्दीची नव्हे. चाहत्यांच्या बळावरच चित्रपट उभा राहील असे मानणाऱ्यांनी हेही गणित मांडून पाहावे. मासिक अंक घेणारे सगळे वाचक तिकीट काढून आले, तरी त्याने महागड्या चित्रपटाचा खर्च निघतोच असे नाही. नवा प्रेक्षक लागतोच, आणि तो मिळवायचा तर चित्रपट स्वतःच्या पायांवर उभा असावा लागतो. ‘डेड ऑफ नाइट’ त्या कसोटीवरही उणा पडला. अमेरिकी समीक्षकांना इटालियन वाचकांचे दुःख ठाऊक नव्हते. त्यांना फक्त कंटाळा आला होता.

बोनेल्ली आणि जेम्स वान यांच्या ‘अ‍ॅटॉमिक मॉन्स्टर’ या कंपनीने डिलन डॉगवर दहा भागांची दूरचित्रवाणी मालिका करण्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. ‘सॉ’ आणि ‘द कॉन्ज्युरिंग’च्या या दिग्दर्शकाला भीती निर्माण करता येते, याविषयी दुमत नाही. परंतु या वेळी प्रकाशनसंस्था निर्मितीत भागीदार आहे, ही बाब इटालियन वाचकांना अधिक मोलाची वाटते. ग्राउचोच्या मिशीचा कायदेशीर प्रश्न मात्र अमेरिकी निर्मात्यांना टाळता येणार नाही. इटलीत तो प्रश्न कोणाला पडत नाही. तेथे डिलनचा नवा अंक दर महिन्याला येतो, ग्राउचो त्यात पूर्वीसारखाच टुकार कोट्या करतो आणि वेळ आली की पिस्तूल फेकतो.